आपलं माणूस डिप्रेशनमध्ये असेल तर नेमकं करायचं काय

"काही लागलं तर सांग हां" असं आपण सगळेच म्हणतो आणि अगदी मनापासून म्हणतो, पण डिप्रेशनमधल्या माणसाला त्याचा उपयोग जवळजवळ काहीच होत नाही. कारण आपल्याला काय हवंय ते ओळखायचं, कुणाला सांगायचं ते ठरवायचं, मग फोन हातात घेऊन ते शब्दांत मांडायचं, या सगळ्याला जी ताकद लागते नेमकी तीच या आजारात गेलेली असते. म्हणून हे मी मुख्यतः आजूबाजूच्या लोकांसाठी लिहितेय, नवरा, बायको, आईवडील, भावंडं, मित्रमैत्रिणी, ज्यांना दिसतंय की आपलं माणूस आतून खचत चाललंय आणि करायचं काय ते सुचत नाहीये. माझं म्हणणं एकच आहे, समजावून सांगणं जरा कमी करा आणि त्याच्या डोक्यावरचं ठरवण्याचं ओझं उचला. ते कसं करायचं ते खाली येतंच आहे, पण आधी आजार नीट समजून घ्यायला पाहिजे, नाहीतर चांगल्या हेतूनेच आपण नको ते बोलून बसतो.

नुसतं उदास वाटणं आणि डिप्रेशन

वाईट काही घडलं की वाईट वाटतं, त्यात आजार काही नाही. कुणी गेलं, नोकरी गेली, नातं तुटलं की माणूस रडतो, जेवत नाही, झोपत नाही, पण मध्येच एखादी जुनी आठवण निघाली की हसतो पण, कुणी जवळ बसलं की बरं वाटतं. डिप्रेशनमध्ये हे मधलं बरं वाटणंच बंद होतं. जे आवडायचं त्यातलं काहीच आवडत नाही, गाणी लावावीशी वाटत नाहीत, स्वतःच्या लेकराला कडेवर घेतलं तरी आत काही हलत नाही, आणि आपल्याला काहीच वाटत नाही याचीच भीती वाटायला लागते. बरेच जण रडत सुद्धा नाहीत. "मला दुःख नाहीये, मला काहीच नाहीये" असं सांगतात आणि घरच्यांना वाटतं मग ठीकच आहे की.

डॉक्टर निदान करताना साधारण 9 लक्षणं बघतात. मन उदास किंवा रिकामं असणं, कशातच रस न वाटणं, भूक किंवा वजन कमी जास्त होणं, झोप उडणं किंवा झोपच झोप येणं, हालचाल एकदम मंदावणं किंवा उलट सतत अस्वस्थ असणं, थकवा, आपण कुचकामी आहोत किंवा सगळी चूक आपलीच आहे असं वाटत राहणं, लक्ष न लागणं आणि साधे निर्णय न घेता येणं, आणि मरणाचे किंवा आत्महत्येचे विचार. यातली किमान 5 लक्षणं सलग 2 आठवडे, जवळपास रोज, आणि त्यात पहिल्या दोनपैकी एक तरी असलंच पाहिजे, शिवाय त्यामुळे रोजचं जगणं अडायला लागलेलं असलं पाहिजे. पीएचक्यू-9 नावाची एक छोटी प्रश्नावली असते, ती याच 9 गोष्टी विचारते, प्रत्येकीला 0 ते 3 मार्क, टोटल 27. 10 किंवा वर आलं तर डॉक्टरांना दाखवायला उशीर करू नये. पण ती भरून आपणच निदान करायचं नाही, ती नुसती चाळणी आहे. आणि शेवटचा नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल असतो, तिथे 0 सोडून काहीही उत्तर आलं तर टोटल कितीही कमी असू दे, त्यावर त्याच दिवशी बोलायचं.

दोन खुणा मला फार महत्त्वाच्या वाटतात कारण घरच्यांना त्या दिसतात पण त्या आजाराच्या आहेत हे कळत नाही. एक म्हणजे पहाटे तीन चारला जाग येणं आणि मग परत झोपच न लागणं. दुसरी म्हणजे सकाळ सगळ्यात वाईट जाणं आणि संध्याकाळी जरासं मोकळं वाटणं. दुसरीवरून किती भांडणं होतात! "सकाळी उठवत नव्हतं आणि आता बरी गप्पा मारतेस" असं कुणीतरी म्हणतंच, आणि ती व्यक्ती संध्याकाळचं ते तासभराचं मोकळेपण सुद्धा मग लपवायला लागते. सगळ्यांना असं होतं असं नाही, काहींचा दिवसभर सारखाच जड असतो, पण होत असेल तर ते नाटक नाही हे पक्कं डोक्यात ठेवा.

शिवाय हा आजार प्रत्येकात वेगळा दिसतो. पुरुषांमध्ये बऱ्याचदा तो चिडचिड, दारू वाढणं, उशिरापर्यंत कामात बुडून राहणं असा दिसतो. वयात येणाऱ्या मुलांमध्ये पण उदासीपेक्षा चीडच जास्त दिसते, मार्क घसरतात, मित्र तुटतात, दार लावून बसणं वाढतं, आणि आपण ते सगळं "वयच तसं आहे" या खात्यात टाकतो. म्हातारी माणसं मनाचं बोलतच नाहीत, ती सांगतात पाय दुखतात, पोट साफ होत नाही, डोकं जड आहे, आणि विसरायला इतकं लागतात की घरच्यांना डिमेन्शियाची शंका येते. बाळंतपणानंतर पहिले काही दिवस रडू येणं, हळवं होणं हे बहुतेक बायकांना होतं आणि दोनेक आठवड्यांत जातं, पण त्यापुढेही राहिलं, बाळाकडे बघवेना किंवा बाळाला काहीतरी होईल या भीतीने झोपच लागेना, तर ते डिप्रेशन असू शकतं आणि त्याला उपचार आहेत.

हे होतं कशामुळे

याचं एका ओळीत उत्तर नाही आणि जो देतो त्याच्यावर फार विश्वास ठेवू नका. मेंदूत सेरोटोनिन नावाचं रसायन कमी झालं की डिप्रेशन होतं हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे, पण तज्ज्ञ आता ते फार सोपं करून सांगितलेलं मानतात. जुळ्या भावंडांवरच्या अभ्यासांतून दिसतं की अनुवंशिकतेचा वाटा साधारण 35 ते 40 टक्के असतो, म्हणजे घरात कुणाला असेल तर शक्यता वाढते पण नशिबात लिहिलंय असं अजिबात नाही. बाकी मग लहानपणीचे घाव, सततचा ताण, एकटेपण, पैशाची ओढाताण, लांबलेली दुखणी, दारू, असं बरंच काही एकत्र येतं. आणि कधी कधी काहीच सापडत नाही, सगळं छान चाललेलं असताना होतं. "तुला काय कमी आहे" हा प्रश्न म्हणूनच इतका लागतो, कारण तोच प्रश्न ती व्यक्ती स्वतःला रात्रभर विचारत असते.

शरीराची कारणं मात्र आधी तपासून घ्यायलाच हवीत. थायरॉईड कमी असेल, बी12 कमी असेल, रक्त कमी असेल तर थकवा, मंदपणा, उदासपणा अगदी असाच दिसतो. स्टेरॉईडसारख्या काही औषधांनीही मूड बिघडतो. या साध्या रक्ततपासण्या आहेत, त्या करून घेतल्या की एक बाजू तरी स्पष्ट होते.

बोलायचं कसं

पहिली गोष्ट, सल्ले नकोत. जरा बाहेर फिरून ये, पॉझिटिव्ह विचार कर, योगा कर, लोकांना यापेक्षा किती मोठी दुःखं आहेत बघ, मन घट्ट कर. यातलं सगळं त्या व्यक्तीने स्वतःला हजारदा सांगून झालेलं असतं आणि जमलेलं नसतं, त्यामुळे आपण तेच परत बोललो की तिला एवढंच ऐकू येतं की मी प्रयत्न कमी करतेय.

मग काय बोलायचं? जे दिसलं तेवढंच, साधं. "गेले काही आठवडे तू नीट जेवत नाहीयेस, फोन पण उचलत नाहीस, मला काळजी वाटते, काय होतंय?" एवढं पुरतं. मग गप्प बसायचं. हे गप्प बसणं सगळ्यात अवघड जातं बघा, कारण समोरून दोन मिनिटं उत्तर येत नाही आणि आपल्याला ती शांतता भरून काढायची घाई होते. नका भरू. या आजारात विचार खरोखर मंदावतात, वाक्य जुळवायला वेळ लागतो. "मला कळतंय तुला कसं वाटतंय" हेही टाळा, बहुतेकदा आपल्याला ते कळलेलं नसतं. त्यापेक्षा "मला पूर्ण कळत नाहीये पण ऐकायचंय, मी इथेच आहे" हे खरं आहे आणि समोरच्याला ते पटतं.

समोरासमोर बसून "बोल आता" केलं तर बऱ्याच जणांचं तोंडच उघडत नाही. शेजारी शेजारी काहीतरी करत असताना बोलणं जास्त सोपं जातं. माझी एक जवळची मैत्रीण यातून गेली. तिच्या खोलीत खुर्चीवर धुतलेल्या कपड्यांचा ढीग होता, नुसता तसाच पडलेला, ती त्यातूनच ओढून घालायची, आणि ती स्वतः भिंतीकडे तोंड करून आडवी. मी तिथेच जमिनीवर बसून घड्या घालायला लागले, काही विचारलं नाही. बराच वेळ ती बघत पण नव्हती. मग कधीतरी तिने हात लांब करून दोन मोजे उचलले, जोडी लावली, आणि छताकडे बघत म्हणाली, "आंघोळ करायची म्हणजे आधी उठायचं, मग टॉवेल शोधायचा, मग पाणी, मग परत कपडे घालायचे. मी पहिल्यालाच अडकते गं." तिला आळशी म्हणणारे खूप होते. त्या एका वाक्याने मला या आजाराबद्दल जेवढं कळलं तेवढं बऱ्याच वाचनातून कळलं नव्हतं. आपल्याला आंघोळ हे एक काम दिसतं, तिला ती दहा कामं दिसत होती आणि प्रत्येकावर वेगळा निर्णय.

ठरवण्याचं ओझं उचलायचं म्हणजे काय

तर मदत त्या पहिल्या पायरीवर करायची. "काय खाणार?" असं विचारू नका, दोन गोष्टी सांगा आणि त्यातलं एक निवडायला सांगा, तेही जमत नसेल तर ताट वाढून जवळ ठेवा आणि "जेवढं जाईल तेवढं खा" म्हणा. "कधी भेटायचं?" ऐवजी "मी गुरुवारी पाचला येते, अर्धा तास बसते, बोलायलाच पाहिजे असं नाही." मेसेज असा करा की ज्याला उत्तर द्यायची गरजच नाही, आणि तसं लिहा पण, "रिप्लाय नाही केलास तरी चालेल, नुसती आठवण आली म्हणून." न वाचलेल्या मेसेजचा आकडा वाढत जातो तसा अपराधीपणा वाढत जातो आणि शेवटी माणूस फोनच बंद करून ठेवतो, हे बऱ्याच जणांकडून ऐकलंय. बिलं, फॉर्म, रजेचा अर्ज, मुलांच्या शाळेतले निरोप, अशी कामं साचून डोंगर झालेली असतात, त्यातलं एक निवडून सोबत बसून संपवा. सगळी नाही, एकच.

इथे एक काळजी मात्र घ्या. सगळंच आपण करायला लागलो तर ती व्यक्ती अजून निकामी वाटून घेते. काम तिचं काढून घ्यायचं नसतं, सुरुवात सोपी करून द्यायची असते. यामागे उपचारातलंच एक तत्त्व आहे, त्याला बिहेवियरल ॲक्टिव्हेशन म्हणतात, आणि 1970 च्या दशकात पीटर लेविनसन या मानसशास्त्रज्ञाने त्याचा पाया घातला. आपली समजूत असते की आधी बरं वाटेल मग हातून काहीतरी होईल. डिप्रेशनमध्ये क्रम उलटा ठेवावा लागतो, बरं वाटायची वाट न बघता आधी काहीतरी अगदी छोटं करायचं, मूड मागून येतो, आणि कधी कधी येतही नाही तरी दुसऱ्या दिवशी परत करायचं. छोटं म्हणजे खरंच छोटं. पडदा उघडणं. दात घासणं. दारापर्यंत जाऊन येणं. पाच मिनिटं उन्हात उभं राहणं. काही थेरपिस्ट एक वही ठेवायला सांगतात, काय केलं ते लिहायचं आणि मूडला 0 ते 10 मध्ये मार्क द्यायचे, कारण हा आजार आठवणीत पण खोटं बोलतो, "पूर्ण आठवडा वाईट गेला" असं वाटतं आणि वहीत मात्र मंगळवारी फिरून आल्यावर 4 लिहिलेलं असतं.

व्यायामाचा डिप्रेशनमध्ये उपयोग होतो याला आता चांगला पुरावा आहे, पण "व्यायाम कर" म्हणणं आणि बूट घालून "चल, कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ" म्हणणं यात जमीनअस्मानाचा फरक आहे. नाही म्हणाली तर ठीक, उद्या परत विचारा, रागावून नाही. आमंत्रणं द्यायचं थांबवू नका. दहावेळा नाही म्हणणाऱ्या माणसाला सुद्धा अकराव्यांदा कुणी बोलावलं नाही की ते कळतं.

डॉक्टरांकडे न्यायचं कसं

"तू वेडी नाहीयेस पण डॉक्टरांना दाखवू" असं म्हणूच नका, त्यातून वेड हाच शब्द उरतो. जे तिला स्वतःला खुपतंय तिथून सुरुवात करा. झोप येत नाही ना, मग झोपेसाठी दाखवू. ताकद नाही ना, मग त्यासाठी जाऊ. नेहमीच्या फॅमिली डॉक्टरपासून सुरुवात केली तरी चालते, ते तपासण्या करतील, साधं डिप्रेशन असेल तर कधी उपचारही सुरू करतील नाहीतर पुढे पाठवतील. सायकियाट्रिस्ट म्हणजे एमबीबीएससारखं मेडिकल शिक्षण झालेला मनोविकारतज्ज्ञ, तो गोळ्या देतो. सायकॉलॉजिस्ट किंवा काउन्सेलर बोलून उपचार करतात. सौम्य डिप्रेशनमध्ये नुसत्या थेरपीनेही चालतं, तीव्र असेल तर दोन्ही मिळून जास्त चांगलं काम होतं.

अपॉइंटमेंट तुम्ही घ्या. तिच्या संमतीने, पण फोन तुम्ही करा. सोबत जा, बाहेर थांबायचं की आत यायचं ते तिला विचारा. जाण्याआधी एका कागदावर लिहून घ्या कारण डॉक्टरांसमोर बसलं की निम्मं आठवतच नाही: कधीपासून, झोप कशी, वजन किती कमी झालं, कुठल्या गोळ्या चालू आहेत, दारू किंवा इतर काही, घरात कुणाला असं होतं का, आधी असं झालेलं का. आणि एक प्रश्न मुद्दाम आठवून बघा, पूर्वी कधी उलटं झालंय का, म्हणजे सलग काही दिवस झोप अगदी कमी घेऊनही भरपूर एनर्जी, खूप बोलणं, मोठमोठ्या योजना, बेफाम खर्च? असेल तर ते बायपोलर, म्हणजे उदासी आणि अशी तेजी आलटून पालटून येणारा आजार असू शकतो, आणि त्यात नुसती डिप्रेशनची गोळी दिली तर कधी कधी तेजीचा झटका येतो, म्हणून हे डॉक्टरांना सांगणं फार गरजेचं आहे. कित्येकदा पेशंटला ते दिवस आजाराचे वाटतच नाहीत, त्यामुळे ते घरच्यांनाच सांगावं लागतं.

थेरपीत काय होतं याची लोकांना उगाच भीती असते. सीबीटी म्हणून जी पद्धत सगळ्यात जास्त वापरली जाते ती आरन बेक यांनी 1960 च्या दशकात मांडली, त्यात आपोआप येणारे विचार पकडायचे आणि ते तपासून बघायचे. "मी सगळ्यांना ओझं झालेय" हा विचार आला तर तो खरा धरून न चालता त्याच्या बाजूने काय पुरावा आहे, विरुद्ध काय आहे, हे लिहून काढायचं. साधारण 12 ते 20 सेशन लागतात. पहिल्या थेरपिस्टशी सूर जुळला नाही तर दुसरा शोधा, यात काही वावगं नाही.

गोळ्यांबद्दल

इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत म्हणून जरा सविस्तर. आजकाल आधी देतात त्या बहुतेक गोळ्या एसएसआरआय गटातल्या, म्हणजे मेंदूतल्या सेरोटोनिनवर काम करणाऱ्या असतात. घेतल्या की लगेच बरं वाटत नाही. 2 ते 4 आठवड्यांत फरक सुरू होतो, पूर्ण परिणाम दिसायला 6 ते 8 आठवडे लागू शकतात. आणि त्रासदायक गोष्ट अशी की साईड इफेक्ट मात्र पहिल्या आठवड्यातच येतात, मळमळ, डोकं दुखणं, अस्वस्थपणा, झोप बिघडणं, म्हणजे सुरुवातीला नुसता तोटाच दिसतो आणि नेमक्या याच काळात लोक "या गोळ्या मला सूट होत नाहीत" म्हणून सोडून देतात. यातले बरेच त्रास एक दोन आठवड्यांत कमी होतात. हे आधीच माहीत असलं तर तो काळ निभावतो. लैंगिक इच्छा कमी होणं हा साईड इफेक्ट मात्र टिकू शकतो, त्याबद्दल कुणी बोलत नाही, पण डॉक्टरांना सांगितलं तर डोस किंवा गोळी बदलता येते.

पहिल्याच गोळीने पूर्ण बरं वाटेल असं नाही. अमेरिकेत झालेल्या एका खूप मोठ्या अभ्यासात, ज्याचे निकाल 2006 मध्ये आले, पहिल्या गोळीवर पूर्ण बरे झालेले लोक साधारण एक तृतीयांश होते, आणि पुढच्या टप्प्यांवर गोळी बदलून किंवा जोडून अजून बरेच जण बरे झाले. त्यामुळे डॉक्टरांनी गोळी बदलली म्हणजे केस हाताबाहेर गेली असं समजू नका.

या गोळ्यांची दारूसारखी तलफ लागत नाही, पण अचानक बंद केल्या तर चक्कर, चिडचिड, डोक्यात करंट बसल्यासारखं वाटणं असं होऊ शकतं, म्हणून बंद करताना डॉक्टरांना विचारून हळूहळू डोस कमी करतात. आणि बरं वाटल्या वाटल्या सोडायच्या नसतात. पूर्ण बरं झाल्यावरही किमान 6 महिने चालू ठेवायला सांगतात, आधी एकदोनदा होऊन गेलं असेल तर त्याहून जास्त. 25 वर्षांखालच्यांमध्ये गोळी सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर सुरुवातीच्या काही आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात असा इशारा या औषधांवर असतो, म्हणून घरात तरुण मूल असेल तर त्या काळात जवळून लक्ष ठेवा आणि वागण्यात अचानक बदल दिसला तर डॉक्टरांना लगेच फोन करा. घाबरून औषधच नको असं मात्र करू नका, उपचाराशिवाय राहिलेलं डिप्रेशन हा पण धोकाच आहे.

शॉक ट्रीटमेंट हा शब्द ऐकून घरचे हादरतात. आता ती भूल देऊन करतात, तीव्र डिप्रेशनमध्ये, विशेषतः माणूस खाणंपिणं सोडून बसलाय किंवा जिवाला धोका आहे तेव्हा, ती सगळ्यात परिणामकारक उपायांपैकी एक आहे. काही काळ विसरायला होतं, त्याबद्दल डॉक्टरांना आधी नीट विचारून घ्या.

मरणाबद्दल विचारायचं, सरळ विचारायचं

हा भाग कृपा करून वगळू नका. "विचारलं तर तिच्या डोक्यात नसलेला विचार आपणच घालू" ही भीती सगळ्यांना असते आणि ती खरी नाही. सरळ विचारल्याने धोका वाढत नाही हे अभ्यासांतून दिसलंय, उलट बऱ्याच जणांना सुटल्यासारखं वाटतं की कुणीतरी विचारलं एकदाचं. आडून आडून नको, "तू काही वेडंवाकडं करणार नाहीस ना" असं तर अजिबात नको, कारण त्याचं उत्तर "नाही" एवढंच येतं. असं विचारा: "जगू नये असं वाटतं का? आत्महत्येचा विचार येतो का?" शांत आवाजात, तिच्याकडे बघून.

हो म्हणाली तर ओरडू नका, रडू आलं तरी चालेल पण "आमचा काही विचार केलास का" म्हणू नका. पुढचं विचारा, कसं करायचं ते डोक्यात आहे का, त्यासाठी लागणारं काही जवळ आहे का, कधी करायचं ठरवलंय का. जेवढं ठरलेलं जास्त तेवढा धोका जास्त. अशा वेळी एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर, हॉस्पिटलची इमर्जन्सी किंवा तुमच्या भागातली आत्महत्या प्रतिबंधक हेल्पलाईन. तो नंबर आत्ताच शोधून फोनमध्ये सेव्ह करा, त्या वेळी शोधत बसायला डोकं जागेवर नसतं. घरातल्या जादाच्या गोळ्या, कीटकनाशकं, हत्यार, जे काही धोक्याचं असेल ते घराबाहेर हलवा. ही तीव्र इच्छेची लाट बऱ्याचदा थोड्या वेळाची असते आणि त्या वेळी हाताशी साधन नसलं तर जीव वाचतो, म्हणून हे काम फार मोठं आहे. आणि "कुणाला सांगणार नाही" असं वचन कधीच देऊ नका. म्हणा, "तुझ्या जिवाचा प्रश्न असेल तर मी सांगणार, पण तुला सांगून सांगणार."

उपचार सुरू झाल्यावर अंगात थोडी ताकद येते पण मन अजून तितकंच काळोखात असतं, तो काळ पण सांभाळायचा. खूप दिवस अस्वस्थ असलेलं माणूस एकाएकी एकदम शांत झालं, आवडत्या वस्तू वाटायला लागलं, निरोप घेतल्यासारखं बोलायला लागलं तर "सुधारली वाटतं" म्हणून निवांत होऊ नका, त्याच दिवशी विचारा. आवाज ऐकू येणं, आपल्या हातून भयंकर पाप झालंय म्हणून आता शिक्षा होणार अशी खात्री वाटणं, असं काही असेल तर तेही इमर्जन्सीच समजा.

तुमचं स्वतःचं काय

सांभाळणारी व्यक्ती स्वतः झोपत नसेल, जेवत नसेल तर ती महिन्याभरात चिडायला लागते, मग चिडल्याचा पश्चात्ताप, मग अजून धावपळ. राग येणारच, त्यात तुम्ही वाईट ठरत नाही. पण एकट्याने उचलू नका. अजून दोन तीन विश्वासाच्या माणसांना, आजारी व्यक्तीला विचारून, सामील करून घ्या आणि वार वाटून घ्या, कोण सोबत फिरायला जाईल, कोण फॉलोअपला नेईल. आठवड्यातले काही तास फक्त तुमचे ठेवा, आणि गरज पडली तर तुम्ही स्वतः पण काउन्सेलरकडे जा. रात्री कितीपर्यंत फोनवर असाल हे सांगून ठेवलंत तरी चालतं, "अकरानंतर मी झोपते, जिवाचा प्रश्न असेल तर कधीही उठव" असं स्पष्ट सांगितलं की दोघांनाही बरं पडतं.

सुधारणा आणि परत येणं

सुधारणा सरळ रेषेत होत नाही. तीन दिवस बरे, चौथा वाईट, आणि त्या चौथ्या दिवशी तिला वाटतं सगळं वाया गेलं. तेव्हा ती वही काढा, महिन्यापूर्वीचे आकडे दाखवा. बऱ्याचदा झोप आणि भूक आधी सुधारते, हौस सगळ्यात शेवटी परत येते, त्यामुळे "आता जेवतेस झोपतेस मग हसत का नाहीस" असं विचारू नका. पुन्हा कामावर जायचं असेल तर पहिल्याच दिवशी पूर्ण वेळ नको, जमत असेल तर कमी तासांपासून.

पहिल्यांदा डिप्रेशन झालेल्यांपैकी साधारण निम्म्या लोकांना पुढे आयुष्यात कधीतरी ते परत होतं. हे घाबरवायला सांगत नाहीये, तयारीसाठी सांगतेय. बरं वाटत असतानाच दोघांनी बसून लिहून काढा की मागच्या वेळी सुरुवात कशी झाली होती. प्रत्येकाच्या पहिल्या खुणा वेगळ्या असतात, कुणाची आधी झोप जाते, कुणी केस विंचरायचं सोडतं, कुणी मेसेजला उत्तरं देणं बंद करतं, कुणाला गर्दीचा आवाज सहन होत नाही. यातलं काही आठवडाभर दिसलं तर काय करायचं ते त्याच कागदावर, डॉक्टरांचा नंबर, चालू गोळीचं नाव आणि डोस, कुणाला कळवायचं, आणि तिच्या स्वतःच्या शब्दांत हे पण की त्या वेळी मी "काही नाही, ठीक आहे" म्हणेन, तेव्हा माझं ऐकू नका आणि अपॉइंटमेंट घ्या.